अकरावा गडी

खामगावचे नाव आज चांदीमुळे सांगितले जाते. आमच्या आजोबांच्या पिढीला विचारले असते तर त्यांनी कापसाचे गाव असेच सांगितले असते. जीनच्या आवारात रुईच्या गाठी रचलेल्या असत. गाठींच्या दोन रांगांमध्ये जी मोकळी जागा सुटे, ती मोहल्ल्यातल्या पोरांचे मैदान. चिंध्यांचा चेंडू, दोन विटांचा गोल आणि पाय अनवाणी. आमचा फुटबॉल तो एवढाच. त्यातली एक गोष्ट मात्र कायमची लक्षात राहिली. जवळच एक बरा संघ खेळत असे आणि त्यांच्याकडे खरा चामड्याचा चेंडू होता. त्या संघात मोहल्ल्यातल्या पोरांना जागा नव्हती. तसे तोंडाने कोणी म्हणत नसे, पण नव्हती. एखाद्या दिवशी त्यांचा गडी कमी पडला की कुंपणापलीकडून हाक येई, "ए, येतो का रे?" आणि आमच्यातला एकजण कुंपणावरून उडी टाकून जाई. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी परत आला की हा पुन्हा कुंपणाच्या अलीकडे.

पुढे वाचनाच्या ओघात ब्राझीलमधल्या बांगू नावाच्या एका लहान क्लबाचा इतिहास हाती लागला, तेव्हा ती हाक आठवली. ब्राझील म्हटले की आपल्याला पेले आठवतो आणि पिवळे सदरे आठवतात. काळ्या-गोऱ्यांचा मिळून खेळणारा देश अशी त्याची कीर्ती आहे. ही कीर्ती त्या देशाला फुकट मिळालेली नाही. एकेकाळी तिथेही कुंपण होते. ते ओलांडणाऱ्या पहिल्या काही माणसांत बांगूच्या कापड गिरणीतला एक विणकर होता. म्हणून बुलढाणा जिल्ह्यात बसून आम्ही हा दूरदेशीचा इतिहास सांगायला घेतला आहे.

कापसाची दोन गावे

आधी आपले गाव. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची उपासमार होऊ लागली. इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूने रेल्वे आली. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा खास कापसासाठी टाकण्यात आला आणि १८७० च्या मार्च महिन्यात तो खुला करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले. आठ-दहा मैलांच्या रुळांसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! यावरून त्या कापसाची किंमत ध्यानात यावी.

या व्यापारातून गावात पेढ्या, अडती, जीन आणि प्रेस आले. परंतु कापूस जायचा कच्चा आणि कापड यायचे विलायतेहून. हातमागावर पोट भरणारे मोमीन आणि रुई पिंजणारे पिंजारी, दोघांचाही धंदा या उलाढालीत खालावला. शेतकऱ्याने ज्वारी कमी करून कपाशी वाढवली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत घरात दाणा नव्हता आणि कापूस खाता येत नव्हता.

आता दुसरे गाव. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली. तिच्या दुसऱ्याच वर्षी, १८८९ मध्ये, रिओ दि जानेरोमध्ये एक कापड कंपनी निघाली. तिने शहराच्या मध्यापासून तीसएक किलोमीटर दूर, बांगू नावाच्या शेतमळ्यांच्या भागात गिरणी बांधली. १८९३ मध्ये गिरणी सुरू झाली. यंत्रे इंग्लंडची, ती चालवणारे कारागीरही बव्हंशी तिकडचेच. कामगार मात्र जिथून मिळतील तिथले. त्यात पोर्तुगीज होते, इटालियन होते आणि कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या काळ्या माणसांची मुलेबाळेही होती. गिरणीभोवती कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. भोंगा वाजला की गाव उठायचे आणि भोंगा वाजला की गाव जेवायचे. परळ-लालबागची आठवण ज्यांना आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

एक गडी कमी पडला

१८९४ साली या गिरणीत थॉमस डोनोहो नावाचा स्कॉटिश रंगारी आला. ग्लासगोजवळच्या बझबी गावचा हा माणूस फुटबॉलचा शौकीन होता. त्याने चेंडू मिळवला आणि गिरणीच्या शेजारी गोऱ्या कारागिरांचा खेळ सुरू केला. ब्राझीलमध्ये फुटबॉल आणल्याचा मान बहुतेक पुस्तके चार्ल्स मिलर या साओ पाउलोच्या माणसाला देतात. त्याचा गाजलेला पहिला सामना १८९५ मधला. बांगूचे लोक म्हणतात, आमचा डोनोहो त्याच्या आधीचा. हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

१७ एप्रिल १९०४ रोजी क्लबाची रीतसर स्थापना झाली. नावही इंग्रजीच होते, 'द बांगू ॲथलेटिक क्लब'. पुढाकार गिरणीतल्या इंग्रजांचा. रिओमध्ये तेव्हा जे क्लब होते ते बड्या लोकांचे. फ्लुमिनेन्से हा १९०२ साली निघालेला क्लब त्यांतला प्रमुख. तिथे सभासद व्हायचे तर घराणे आणि खिसा दोन्ही लागे. इंग्रजांचे आणखी काही क्लब होते, त्यांत इंग्रजांशिवाय कोणी नसे.

बांगूच्या साहेबांनाही तसाच क्लब हवा असता. त्यांची अडचण अशी होती की शहर दूर आणि गिरणीत साहेब मोजके. अकराजणांचा एक संघ कसाबसा जमे. सरावाला समोर दुसरे अकरा हवेत, कोणी आजारी पडले तर बदली हवी. ती माणसे आणायची कुठून? मग मागावर बसणाऱ्यांना हाक गेली. १९०५ च्या संघात पाच इंग्रज, तीन इटालियन, दोन पोर्तुगीज आणि एक ब्राझिली होता. हा एकटा ब्राझिली म्हणजे फ्रान्सिस्को कारेगाल, गिरणीतला विणकर. त्याचा बाप गोरा पोर्तुगीज आणि आई काळी.

त्या संघाचे छायाचित्र उपलब्ध आहे. मारिओ फिल्यो या ब्राझिली पत्रकाराने १९४७ साली काळ्या खेळाडूंच्या इतिहासावर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात या छायाचित्राविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. साऱ्या संघात सर्वांत नीटनेटका कोण दिसतो, तर कारेगाल. साहेब लोक कसेही उभे आहेत. कामगाराने मात्र अंगावरचा पोशाख, पायातले बूट, सगळे काळजीने जमवले आहे. हे वाचून आम्ही क्षणभर थांबलो. परक्यांच्या बैठकीत जाताना सदऱ्याला दोनदा इस्त्री करणारी आणि बोलताना एखादा उर्दू शब्द तोंडातून निसटू नये म्हणून जपणारी माणसे आम्ही आमच्याच घरात पाहिली आहेत. चूक झाली तर ती एकट्याची धरली जाणार नाही, साऱ्या बिरादरीची धरली जाईल, हे त्यांना ठाऊक असे. कारेगालच्या पोशाखामागेही हीच चिंता असावी.

पहिला काळा खेळाडू कारेगालच का, यावरही तिथे वाद आहे. कांपिनास शहरातला पोंते प्रेता हा १९०० सालचा क्लब तो मान आपल्याकडे घेतो. आम्हाला त्या वादात पडायचे नाही. साहेबाला दया आली म्हणून कारेगालला जागा मिळालेली नाही. गडी कमी पडला म्हणून मिळाली, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. बहुतेक दारे अशीच उघडतात. खरी कसोटी लागते ती पुढे, म्हणजे ज्याला गरजेपोटी आत घेतले त्याला बाहेर काढा असे जेव्हा चारचौघे सांगतात तेव्हा.

१९०७ आणि १९२४

बांगूची ही कसोटी लवकरच लागली. १९०७ साली रिओच्या लीगने ठरवले की वर्णाने काळ्या माणसांची हौशी खेळाडू म्हणून नोंदणी करायची नाही. तसे क्लबांना कळवण्यात आले. बांगूने आपला गडी काढला नाही. क्लब लीगमधून बाहेर पडला. गिरणीच्या क्लबाने शहरातल्या प्रतिष्ठितांच्या स्पर्धेवर पाणी सोडले आणि तो आपल्या गावात खेळत राहिला. काही वर्षांनी लीगचे रूप बदलले आणि बांगू परतला.

गिरणीत एक नवी पद्धत पडली होती. चांगला खेळणाऱ्या कामगाराला हलके काम मिळे आणि सरावासाठी लवकर सुट्टी मिळे. याला कोणी लाच म्हणेल. परंतु दिवसभर मागापुढे उभे राहणाऱ्या माणसाला पाय शिल्लक राहिले तरच तो खेळणार. खेळ ही फुरसत असणाऱ्यांची चीज आहे आणि फुरसत वाटून घेतल्याशिवाय खेळ वाटला जात नाही, हे त्या गिरणीने नकळत सिद्ध केले.

एवढ्यावर थांबलो असतो तर बांगूची गोष्ट गोड झाली असती. इतिहास लिहायचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. १९२३ साली वास्को द गामा या पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या क्लबाने काळ्या, गरीब, कष्टकरी खेळाडूंना घेऊन रिओचे अजिंक्यपद जिंकले. बडे क्लब हादरले. त्यांनी १९२४ मध्ये नवी संघटना काढली आणि वास्कोला सांगितले की तुमच्या बारा खेळाडूंना वगळा, मग या. वास्कोच्या अध्यक्षांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून नकार कळवला. ते पत्र ब्राझीलमध्ये आजही मानाने सांगितले जाते. त्या वेळी बांगू कुठे होता? तो त्या नव्या संघटनेच्या संस्थापक क्लबांत फ्लुमिनेन्से आणि फ्लामेंगोच्या पंक्तीला बसला होता. ज्या क्लबाने १९०७ मध्ये आपल्या गड्यासाठी लीग सोडली, त्यानेच सतरा वर्षांनी दुसऱ्याच्या बारा गड्यांना बाहेर ठेवणाऱ्यांची साथ केली.

हे वाचून आम्हाला राग आला, नंतर नवल वाटेनासे झाले. एकदा आत जागा मिळाली की माणूस दारापाशी उभा राहून दुसऱ्याला अडवू लागतो. हे बांगूतच घडते असे नाही.

आपल्याकडची मैदाने

त्याच सुमाराला आपल्या मुलखात काय चालले होते? पुण्या-मुंबईच्या क्रिकेटमध्ये पाळवणकर बाळू नावाचा गोलंदाज गाजत होता. तो चांभार समाजातला. इंग्रजांना हरवायचे तर बाळू हवा, म्हणून हिंदूंच्या संघात त्याला घ्यावे लागले. इथेही गडी कमी पडलाच होता. मैदानात सगळे त्याच्या हातचा चेंडू हातात घेत, पण पुण्यात चहा त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला कधी आले नाही. १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला, तेव्हा कुठे ते कुंपण वाकले.

मुंबईतल्या त्या स्पर्धांत संघच धर्माचे होते. पारशी, युरोपियन, हिंदू, १९१२ पासून मुसलमान आणि १९३७ पासून उरलेल्या सर्वांचा एक. ही पंचरंगी स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडली. फुटबॉलमध्ये मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा. सुरुवातीला तो गोऱ्या पलटणींचा मामला होता. १९३७ साली तो जिंकणारा पहिला हिंदी संघ म्हणजे बंगलोर मुस्लिम. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षे तिथली लीग जिंकली आणि १९४० मध्ये रोव्हर्स आणि ड्युरँड हे दोन्ही चषक नेले. त्या काळच्या मुसलमान घरांत या विजयांचा केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करता येते. कुंपणापलीकडून हाक येत नाही तर आपलाच संघ काढू, हा मार्ग त्यांनी घेतला आणि तो यशस्वी करून दाखवला. या कर्तबगारीचा अभिमान बाळगण्यात काही गैर नाही.

असे असूनही बांगूचा मार्ग आम्हाला अधिक विचार करायला लावतो. तिथे संघ धर्माचा किंवा रंगाचा नव्हता. तो एका गिरणीचा आणि एका गावाचा होता. एकाच भोंग्यावर उठणारे सगळे त्याचे होते. पुढे १९३३ मध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू झाले तेव्हा रिओचे पहिले व्यावसायिक अजिंक्यपद याच बांगूने पटकावले. अंतिम सामन्यात फ्लुमिनेन्सेचा ४-० असा पराभव झाला. म्हणजे ज्या क्लबात विणकराला सभासद होता आले नसते त्या क्लबाला विणकरांच्या गावाने हरवले. बांगूत जन्मलेला दोमिंगोस दा गिया हा काळा बचावपटू १९३८ च्या विश्वचषकात ब्राझीलकडून खेळला आणि जगातल्या उत्तम बचावपटूंत गणला गेला.

गिरणी, आकडा आणि मॉल

क्लबाचे नंतरचे दिवस थोडक्यात सांगतो. १९४७ मध्ये बांगूला स्वतःचे मैदान झाले. अधिकृत नावात गिरणीच्या मालकांचे नाव आहे, पण त्यासोबत 'कामगारांचे मैदान' असाही शब्द आहे. लोक त्याला मोसा बोनिता, म्हणजे देखणी पोर, म्हणतात. १९५० मध्ये झिझिन्यो हा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू या लहान क्लबात आला. पेले त्याला आपला आदर्श मानत असे. १९६६ साली बांगू पुन्हा रिओचा अजिंक्य झाला. माराकानावर फ्लामेंगोविरुद्ध ३-० अशी आघाडी असताना मैदानात मारामारी झाली आणि सामना तिथेच थांबला.

तोवर क्लबाला नवा पोशिंदा मिळाला होता, कास्तोर दे आंद्रादे. हा बेकायदा आकड्याच्या जुगाराचा सम्राट. आपल्याकडच्या मटक्यासारखाच तो धंदा. मटकाही मुळात कापसाचाच. न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावावर मुंबईत आकडा लागत असे. कास्तोरच्या पैशावर बांगू १९८५ मध्ये थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. माराकानावर नव्वद हजारांहून अधिक लोक होते. सामना १-१ बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर कोरितिबा जिंकला. १९९३ मध्ये कास्तोरला शिक्षा झाली, १९९७ मध्ये तो वारला. क्लबाचा तो बहर मग परतला नाही. आज बांगू ब्राझीलच्या पहिल्या वर्गात नाही.

गिरणीही बंद पडली. तिच्या जुन्या विटांच्या इमारतीत २००७ पासून मॉल आहे. मुंबईत १९८२ चा संप झाला, गिरण्या थंडावल्या आणि लोअर परळला भोंग्याच्या जागी दुकानांचे दिवे आले. बांगूतही तेच. फरक इतकाच की बांगूच्या मॉलपाशी २०१४ मध्ये डोनोहोचा, चेंडूसह, मोठा पुतळा उभारला गेला. रंगाऱ्याचा पुतळा झाला, हे चांगलेच. आमच्या मनात मात्र येते की त्याच्या शेजारी इस्त्रीचे कपडे घातलेला तो विणकरही उभा असता तर गोष्ट पुरी झाली असती.

आपले कुंपण

हा सगळा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवला तो दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी नाही. आपल्याला कुंपणाबाहेर ठेवले जाते ही तक्रार आपण नेहमी करतो आणि ती पुष्कळदा खरी असते. भाड्याचे घर शोधणाऱ्या किंवा नोकरीचा अर्ज करणाऱ्या आमच्या मुलांना तिचा अनुभव आहे. परंतु १९२४ चा बांगूही विसरू नये. आपल्या घरचे कुंपण किती उंच आहे? पिंजारी, मोमीन, बागवान, फकीर यांच्या घरी मुलगी द्यायची म्हटले की इस्लाममधील समतेवर तासभर बोलणारी आमची मंडळी घसा खाकरू लागतात. कापसाच्या या जिल्ह्यात ज्यांनी पिढ्यानपिढ्या रुई पिंजून आमच्या गाद्या-रजया भरल्या, त्यांना आम्ही बैठकीत कुठे बसवले?

आणि मुली? ब्राझीलमध्ये १९४१ साली सरकारने हुकूम काढून बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली. ती १९७९ पर्यंत राहिली. काळ्यांना आत घेणाऱ्या त्या देशाने आपल्याच लेकींना अडतीस वर्षे बाहेर ठेवले. आपल्याकडे असा हुकूम कोणी काढलेला नाही. त्याची गरजच पडली नाही. मोहल्ल्यातल्या किती मुली मैदानावर दिसतात ते मोजायला दोन्ही हातांची बोटे लागत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात आम्ही जुन्या जीनच्या बाजूने गेलो होतो. गाठी आता नाहीत, कुंपणाचे दोन-चार खांब तेवढे शिल्लक आहेत. आत पोरे खेळत होती. चेंडू चांगला होता, हवा भरलेला. बाहेर, खांबाला टेकून, डोक्यावर ओढणी घेतलेली दहा-अकरा वर्षांची एक पोर उभी होती. धाकट्या भावाला घरी न्यायला आली असावी. चेंडू तिच्या दिशेने आला. तिने तो पायाने अडवला आणि सरळ रेषेत, जोरात परत मारला. आतल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांचा एक गडी कमी होता, हे आम्ही मोजले होते.

तिला हाक मारली गेली की नाही हे पाहायला आम्ही थांबायला हवे होते. मगरीबची अजान झाली आणि आम्ही निघालो.